बाटलीच्या काचेचे दागिने: पहिल्या लोलकापासून पहिल्या जोडीपर्यंत

रिकाम्या बाटलीतून दागिना करायचा म्हटलं की नवा माणूस सगळ्यात आधी विचारतो, काच कापायची कशी? मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि पहिले दोन महिने कटर, दोरे आणि मेणबत्त्या यांतच घालवले. काच फुटायला तयारच असते हो. अवघड असतं ते तिची धार मोडणं. लोलक गळ्याशी लोळणार, कानातलं मानेला घासणार, त्यात केस अडकणार. तिथे ‘बऱ्यापैकी गुळगुळीत’ असून भागत नाही. म्हणून इथे कापण्याबद्दल थोडं आणि घासण्याबद्दल पुष्कळ लिहिलंय.

पहिलं काम छोटं ठरवा. एक लोलक, हातानं घासलेला, वर एक भोक, त्यात कडी. एवढा नीट जमला की कानातल्यांची जोडी. भट्टी आणि बाकीची यंत्रं त्यानंतर.

बाटली कुठली घ्यायची

नेहमीच्या बाटल्यांची काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना. त्यात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा, वाटा साधारण ७० टक्क्यांच्या आसपास असतो. रंग काचेच्या अंगातच असतो: निळा कोबाल्टमुळे, गडद हिरवा क्रोमियम आणि लोहामुळे, बिअरच्या बाटलीचा तपकिरी लोह आणि गंधक यांच्या जोडीमुळे. काही बाटल्या मात्र आतून पांढऱ्या आणि वरून रंगवलेल्या असतात. अशा बाटलीचा तुकडा घासला की कडेला पांढरी रेघ उघडी पडते आणि सगळा डाव फसतो. तोंडापाशी चाकूच्या टोकानं खरवडून बघा. रंग निघाला तर ती बाटली बाजूला ठेवा.

नवशिक्यानं वाईनची सरळ उभ्या भिंतीची बाटली घ्यावी. तिचा व्यास साधारण साडेसात सेंटीमीटर, त्यामुळे गोलाई अगदी हलकी मिळते. २ सेंटीमीटर रुंद तुकडा टेबलावर पालथा ठेवला तर त्याचा मधला भाग कडांपेक्षा जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर वर राहतो. गळ्यात तो सपाटच वाटतो, पण उजेड मात्र वळून येतो. बिअरच्या बारीक बाटलीत हीच गोलाई जास्त जाणवते. बूड जाड असतं, त्याचे लोलक देखणे होतात, पण घासायला दुप्पट वेळ लागतो. बुडाजवळ बारीक टिंबांची रांग दिसली तर ती नक्षी समजू नका. बाटली कुठल्या साच्यातून निघाली ते कारखान्यातल्या यंत्राला वाचता यावं म्हणून ती खूण असते. मला ती टिंबं आवडतात, मी मुद्दाम ठेवते.

काही काच अजिबात घेऊ नका. गाडीच्या खिडकीची काच कडक केलेली असते, ती कापायला गेलं की दाणे-दाणे होतात. ओव्हनमध्ये चालणारी भांडी आणि प्रयोगशाळेतल्या चंबूंची काच वेगळ्याच जातीची. जुन्या नक्षीदार क्रिस्टलमध्ये शिसं असू शकतं, त्याची भुकटी घरात नको. आणि आत काय होतं ते माहीत नसलेली औषधाची किंवा रसायनाची बाटलीही नको.

लेबल काढायला गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बाटली रात्रभर बुडवून ठेवा. मागे उरलेला डिंक तेल आणि खायचा सोडा एकत्र करून चोळला की सुटतो.

मांडामांड

लागतं ते असं: डोळे बाजूनंही झाकणारा चष्मा, बारीक धूळ अडवणारा एन-९५ सारखा मास्क, जाड हातमोजे, पसरट ट्रे, पाणी, एक फरशीचा तुकडा, काळे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात वापरायचे पॉलिश पेपर (८०, १२०, २२०, ४००, ६०० आणि १००० नंबरचे; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), जमल्यास खरखरीत डायमंड पॅड, बॅटरीवर चालणारं ड्रिल, दीड-दोन मिलिमीटरचे डायमंड बिट, टोकदार पक्कड दोन, तार आणि कड्या.

काच फोडण्यापासून शेवटच्या घासणीपर्यंत चष्मा उतरवायचा नाही. काच कोरडी घासायची नाही, कधीच नाही. कोरड्या घासण्यातून उठणारी पूड हवेत तरंगते आणि छातीत जाते. पाण्यात तीच पूड चिखल होऊन खाली बसते. काम संपलं की झाडू मारू नका, ओल्या कागदानं पुसून घ्या. हात पुसण्याआधी नळाखाली धरा, नाहीतर फडक्यातले कण तुम्हीच कातडीत घुसवाल. काच फोडताना हातमोजे हवेत; फिरत्या यंत्रापाशी ते काढा, ओढणी सोडा, केस बांधा. ट्रेमधला गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता, गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतलात तर तो पाइपात सिमेंटसारखा बसतो.

फोडणं

सोपा रस्ता: बाटली जुन्या जीन्सच्या कापडात दोन पदरी गुंडाळा, तीही जाड पिशवीत घाला आणि हातोडीनं एक-दोन ठोके द्या. कुटायचं नाही. उघडून मोठ्या नाण्याएवढे, बिनचिरेचे तुकडे वेचा. एखाद्या तुकड्यात केसाएवढी तडा दिसली तर तो रंग कितीही गोड असला तरी टाका; घासताना ती तडा वाढतेच.

आकार हाताशी धरून हवा असेल तर कटर घ्या, ज्याला काचवाले हिरकणी म्हणतात. बाटली आडवी टेकवून एका जागी धरलेल्या कटरच्या चाकाखाली सावकाश फिरवायची आणि सगळीकडे सारखा दाब ठेवायचा. बारीक, सलग ‘खर्र’ असा आवाज यायला हवा. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली की थांबा. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवू नका. काचही बिघडते आणि चाकही. मग त्या रेघेवर कढत पाणी दहा-पंधरा सेकंद, लगेच गार पाणी, पुन्हा कढत. दोन-तीन फेऱ्यांत ‘टक्’ असा आवाज येतो आणि बाटली हातात दोन होते. खाली बादलीत पाणी असू द्या, सुटलेला भाग त्यात पडू दे. अशा दोन रेघांमधून एक कडं सुटतं आणि त्या कड्याचे चाकांच्या टाइल-पक्कडीनं हवे तसे तुकडे करता येतात.

रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा पेटवून बाटली कापायची युक्ती व्हिडिओत फार दिसते. मी ती तीनदा करून पाहिली. तीनही वेळा चीर भलतीकडे पळाली आणि एकदा टेबलाचा कापडी टेबलक्लॉथ पेटला. कढत पाण्यानं जे काम होतं त्यासाठी आग कशाला हवी?

उरलेल्या चुऱ्याची जाड कागदात पुडी बांधा आणि वर ‘काच’ असं लिहून मग कचऱ्यात टाका. कचरा उचलणाऱ्याचे हात उघडे असतात.

घासणं

इथे वेळ काढून बसा. एका लोलकाला हातानं दोन-तीन तास सहज लागतात, आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नये.

तुकड्याचे दोन्ही चेहरे, म्हणजे बाटलीची आतली आणि बाहेरची बाजू, कारखान्यात आधीच झळाळत्या झालेल्या आहेत. त्यांना हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून टाका म्हणजे चुकूनही ओरखडा उठणार नाही. घासायच्या त्या फक्त कडा.

पहिलं काम आकाराचं नाही, दोन्ही बाजूंच्या तिखट कोपऱ्यांचं. तुकडा तिरका धरून, ८० नंबरवर किंवा डायमंड पॅडवर, पाण्यात, कडेचा कोपरा अर्धा-एक मिलिमीटर मोडा. असं न करता थेट आकार घासायला गेलात तर कडेवरून माशाच्या खवल्यासारख्या कपच्या उडतात. एक खवला उडाला की तो घालवायला मिलिमीटरभर काच घासावी लागते.

मग आकार. वॉटर पेपर फरशीवर अंथरा, वर पाणी ओता, तुकडा उभा धरून पुढे-मागे न्या आणि मनगट वळवत राहा. बोटांना दाब द्यावासा वाटतो. देऊ नका, कागदाला काम करू द्या. पाणी दुधी झालं की पुसून नवं घ्या.

आकार आला की १२०, मग २२०, मग ४००, मग ६००. एकही नंबर गाळायचा नाही. प्रत्येक नंबरचं काम एकच: मागच्या नंबरानं काढलेले ओरखडे खाऊन टाकणं. ते खाल्ले गेले की नाही हे कळायला एक युक्ती आहे. नंबर बदलला की घासायची दिशाही बदला. आधी कडेच्या लांबीत घासत असाल तर आता आडवं. जुन्या दिशेची एकही रेघ उरली नाही की पुढचा कागद.

आणि ओली काच खोटं बोलते. पाणी ओरखड्यात भरून बसतं, त्यामुळे ट्रेमध्ये असताना कड आरशासारखी वाटते. तुकडा पूर्ण कोरडा करा, खिडकीशी न्या, उजेड तिरका पडेल असा फिरवा. ४०० च्या एकसारख्या धुरकट कडेवर एकदोन पांढऱ्या रेघा दिसल्या तर त्या १२० च्या आहेत. ६०० नं घासून त्या जाणार नाहीत, दिवसभर घासलंत तरी. मागे जाऊन २२० पासून पुन्हा यायचं. हा परतीचा रस्ता सगळ्यांनाच नकोसा वाटतो, मलाही.

धार गेली की नाही हे बोटानं ठरवू नका, बोट सरावतं. कापसाचा बोळा घ्या, हलका पिंजा आणि कडेवरून सगळीकडे फिरवा. एक तंतू जरी मागे अडकला तर तिथे अजून धार आहे. तेवढ्याच जागी पुन्हा ४००.

६०० वर कड मऊ, दुधी दिसते आणि मधली काच चकचकीत राहते. मी बहुतेक वेळा इथेच थांबते. त्या दोन पोतांचा फरकच दागिन्याला दागिना करतो असं माझं मत. झळाळती कड हवीच असेल तर १००० करा आणि मग सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्याच्या चाकावर पॉलिश करा. कोरडं पडू देऊ नका, काच तापून तडकते.

भोक

भोक कडेपासून किमान ४–५ मिलिमीटर आत घ्या. मार्करनं टिंब काढा. उथळ डब्यात लाकडाचा सपाट तुकडा ठेवा, त्यावर प्लॅस्टिसिनच्या, म्हणजे मुलांच्या खेळायच्या रंगीत मातीच्या, गोळ्यात काच दाबून बसवा आणि काच जेमतेम बुडेल एवढंच पाणी घाला. ड्रिल बॅटरीचंच घ्या. वायरचं यंत्र आणि पाणी एका टेबलावर नको.

डायमंड बिट काचेला भोसकत नाही, झिजवतो. गुळगुळीत काचेवर तो घसरतो, म्हणून सुरुवातीला तिरका धरा, साधारण ४५ अंशांत. चंद्रकोरीसारखी छोटी खाच पडली की हळूहळू उभा करा. वेग कमी, दाब अगदी हलका. दर काही सेकंदांनी बिट वर उचला म्हणजे पाणी आत शिरेल आणि पांढरा गाळ बाहेर येईल. गाळाचा धूर निघावा तसा तो पाण्यात पसरतो, तेव्हा काम बरोबर चाललंय. कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला तर थांबा. एकतर पाणी कमी पडलंय किंवा तुम्ही दाबताय.

शेवटचा अर्धा मिलिमीटर हाच घात करतो. कोबाल्ट निळ्या बाटलीचा माझा पहिला तुकडा, तीन संध्याकाळी घासलेला, तिथेच गेला. भोक होतच आलं होतं, मी जरासा जोर दिला, आणि मागच्या बाजूनं टिकलीएवढा टवका उडून तडा थेट कडेपर्यंत गेली. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी पाडते. दोन-तृतीयांश आत गेलं की तुकडा उलटा करायचा, उजेडात खाच कुठे संपते ते बघायचं आणि समोरून तिला जाऊन भेटायचं. दोन्ही तोंडांच्या कडा मग त्याच बिटचं टोक तिरकं फिरवून मोडा, नाहीतर तार तिथेच कापली जाते.

एक पर्याय सांगते: भोक आधी पाडा आणि आकार नंतर घासा. बारा तुकड्यांतले चार भोकातच फुटणार असतील तर ते बिनघासलेले फुटलेले बरे.

कडी, तार, साखळी

लोलकाला सगळ्यात सोपी ती मोठी कडी. काच ४ मिलिमीटर जाड आणि भोक कडेपासून ५ मिलिमीटरवर, तर कडीचा आतला व्यास ८ ते १० मिलिमीटर हवा. लहान कडी काचेला पिळते. कडी उघडताना दोन्ही टोकं बाजूला फाकवायची नाहीत. दोन पकडींनी धरून एक टोक पुढे, एक मागे असं पिळा आणि तशीच परत मिटवा. फाकवलेली कडी पुन्हा कधी नीट जुळत नाही. जुळली असं वाटलेल्या एका कडीतून माझा लोलक रस्त्यात कुठेतरी पडला आणि घरी पोचले तेव्हा गळ्यात नुसती साखळी होती.

भोक पाडायचंच नसेल तर तार गुंडाळा. सांगाड्याला २० गेजची (०.८ मिलिमीटर), बांधायला २६ गेजची (०.४ मिलिमीटर) तार चालते. तुकड्याच्या कडेनं सांगाडा वळवा, वरती दोन्ही टोकं एकत्र आणून बारीक तारेनं सहा-सात वेढे द्या आणि एका टोकाचा फासा करा. तांब्याची तार सरावाला उत्तम, मऊ असते. तारेची कापलेली टोकं आत दाबा आणि त्यांनाही कापसाची परीक्षा द्या.

कानात जाणाऱ्या आकडीसाठी मात्र धातू बघून घ्या. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण, आणि निकेल पुष्कळांच्या कातडीला सोसत नाही. खरी चांदी किंवा टायटॅनियम घ्या.

जोडी

एक लोलक करणं आणि दोन कानातली करणं यांत फरक एवढाच की दुसऱ्याला पहिल्यासारखं व्हावं लागतं. त्यामुळे दोन्ही तुकडे एकाच बाटलीचे आणि एकाच उंचीवरचे घ्या. बाटलीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते आणि जाडी बदलली की रंगाची गडदताही बदलते. दोन्ही तुकडे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं पाठीला पाठ लावून एकत्र घासले तर आकार आपोआप जुळतो. पट्टीच्या बाजूच्या कडा मग सुट्या करून मोडायच्या.

वजन आधीच मोजा. काचेची घनता साधारण २.५, म्हणजे एक घन सेंटीमीटर काच अडीच ग्रॅम भरते. म्हणजे २ सेंटीमीटर लांब, २ सेंटीमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड तुकडा भरतो ४ ग्रॅम. एका कानाला ही मी वरची मर्यादा धरते. बुडाच्या जाड काचेची कानातली दिसतात सुंदर, पण संध्याकाळपर्यंत कानाची पाळी ओढून काढतात.

यंत्रं आणि भट्टी

वीस-पंचवीस तुकडे एकदम हवे असतील तर टम्बलर, म्हणजे फिरतं पिंप. दोन-तृतीयांश भरून तुकडे, खरखरीत सिलिकॉन कार्बाइडची भरड आणि तुकड्यांच्या वरच्या पातळीला येईल एवढं पाणी. काही दिवस फिरू द्यायचं, रोज एकदा बघायचं. समुद्रकाठी सापडणाऱ्या काचेसारखा धुरकट पोत येतो. आकार मात्र त्याच्या मर्जीचा.

भट्टीचा मोह सगळ्यांना होतो. काच ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास कडांनी गोलावते, ८०० च्या जवळ वितळून एकजीव होते, आणि नंतर साडेपाचशेच्या आसपास थोपवून सावकाश थंड करावी लागते; घाई केली तर आत ताण राहतो आणि दागिना नंतर कधीही आपोआप तडकू शकतो. दोन वेगळ्या बाटल्यांची काच एकत्र वितळवू नका, त्यांचं प्रसरण जुळेलच असं नाही. ओव्हन, गॅस, शेगडी यांवर हे होत नाही, प्रयत्नही करू नका. भट्टीतल्या कामाची चव घ्यायची असेल तर घानामधल्या क्रोबो लोकांचे मणी बघा: बाटल्यांची पूड मातीच्या साच्यात भरतात, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात, भट्टीत देठ जळून जातो आणि तिथे भोक राहतं. ड्रिलची गरजच नाही!

पहिला लोलक कुणाला देण्याआधी आठवडाभर स्वतः घाला. रात्री काढताना बघा, कॉलरचा धागा ओढला गेलाय का, केस अडकतात का, कडीच्या सांध्याशी फट दिसते का. धागा ओढला असेल तर ती जागा मार्करनं खुणेची करा आणि ट्रेमध्ये पाणी घाला.